कंपनी फिटिंग

परवापासून गाडी विटांवर उभी आहे.
चारही रिमा टेम्पोत टाकून मी कुपवाडला नेल्या,
मगदुमांच्या प्लेटिंगला.
पत्र्याची शेड, हौदांची रांग,
वाफ नाकात शिरते आणि जिभेवर
नाणं चोखल्यासारखी चव राहते.

पद्माण्णा मगदूम खिळ्यानं गंज खरवडतात,
नखानं टिचकी मारून ऐकतात.
"पुरात हुती काय गाडी?"
हबपर्यंत. तीन दिवस. गावभागात.
आम्ही गच्चीवर, ती खाली.
"मग आयका, डाक्टर."

मी डॉक्टर नाही.
मिरजेत दातांच्या कॅपा बनवतो, साच्यावर, दिव्याखाली,
ज्यांचं तोंड कधी बघत नाही अशांसाठी.
पण पद्माण्णांना हे सांगून झालंय.

"क्रोम म्हंजे रंग न्हवं.
रंग झाकतोय, ह्यो दावतोय.
खड्डा असंल तर चकाकणारा खड्डा दिसंल.
आदी घासायचं, मग तांबं, मग निकल,
वरनं क्रोम, कांद्याच्या पापुद्र्यावानी.
घासून पत्रा किती ऱ्हातोय ते बघाय लागंल.
एकीला बावीसशे.
पाचवी करणार काय?"

पाचवीचं मला सुचलंच नव्हतं.

येताना शंभर फुटी रस्त्यावर थांबलो.
जुबेर मुजावरच्या भिंतीवर नवी अलॉय टांगलेली,
काळी, इंचभर मोठी.
"पोरं वळून बघतील, काका."
मडगार्डला घासतील?
"जरा. वळताना फक्त.
जुन्या द्या, किलोवर लावतो."
किलोवर.
तो शब्द मी घरापर्यंत घेऊन आलो,
जेवताना ताटाशेजारी ठेवला.
वैजयंता म्हणाली, चार आण्याची कोंबडी.
मसाल्याचं माझं मी समजायचं.

सव्वीस वर्षं माझ्याकडे एकच प्रश्न येतो,
साच्यात, प्लास्टिकच्या डबीत:
मूळ धरून असेल तर कॅप,
हलत असेल तर उपटा, दुसरा बसवा.
ठरवणारे दुसरे असतात.
मी फक्त चमक देतो, आणि ती देताना
थोडी कमी ठेवतो,
नाहीतर शेजारचे दात खोटे वाटतात.

रात्री डिकी उघडली.
पाणी इथवर चढलं नव्हतं.
स्टेपनीचा स्क्रू आखडलेला, रॉकेल सोडलं,
पाऊण तासानं सुटला.
वीस वर्षांत एकदाच लागली होती,
पेठ नाक्यापासून घरापर्यंत.
टॉर्च धरला.

राखाडी.
पाटी ओल्या बोटानं पुसल्यावर राहते तसली.
आत कंपनीचा ठसा, महिना, वर्ष,
आणि कुठंही चमक नाही.
उडाली म्हणावी तर तसंही नाही.
नव्हतीच.

मग मला आठवतंय ते काय आहे?
शोरूमच्या दारात चार चंद्र असल्यासारखी चाकं,
मी शपथेवर सांगितलं असतं.
ट्यूबलाइट असतील.
किंवा वैजयंतानं चाकाखाली ठेवलेलं लिंबू
फुटलं आणि उडालं, ते ओलं असेल.

बॅगेतली शेड गाइड काढली,
सोळा छटांचे सोळा दात,
एकेक रिमेला लावून बघितला.
इतका राखाडी दात माणसाला नसतो.
शेजारच्या खिडकीतून कुणीतरी पडदा सारला.
बघू दे.

सकाळी फोन लावला.
पद्माण्णा, क्रोम राहू दे.
साधा रंग मारणारा कोण आहे का ओळखीचा?
नमुना आहे माझ्याकडे, घेऊन येतो.

पलीकडे मोटार फिरत होती, ती बंद झाली.
"हाय की. माझा साडूच हाय.
पर आदी सांगायचं, डाक्टर.
एक घासून ठिवलीया मी.
या, बघा तर.
तोंड दिसतंय तुमचं त्यात.
खड्डा हाय एक.
गालापाशी येतोय."